सेल्फ मारण्याआधी

अब्बांची गाडी बदलापूर पश्चिमेला, ओळखीच्या एका वीटवाल्यांच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली चौदा वर्षं उभी होती. टाटा १२१०, पुढे नाक असलेली जुन्या ठेवणीची. बारा म्हणजे मालासकट साधारण बारा टन वजन आणि दहा म्हणजे शंभरच्या घरातली ताकद, असं अब्बांनी मला लहानपणी सांगितलं होतं. आतल्या इंजिनाचं नाव ६९२, म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर ९२ मिलिमीटर. पिस्टनची चाल १२० मिलिमीटर धरली की सहांचं मिळून घनफळ ४.८ लिटरच्या जवळ येतं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गणित नाही. पण बदली तासावर गेले की वृत्तचितीचं हेच उदाहरण फळ्यावर घालते. मुलांना ट्रकचं उदाहरण आवडतं.

टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी १९५४ साली करार केला आणि तो १९६९ साली संपला. तरी अब्बांच्या पिढीचे ड्रायव्हर टाटाच्या गाडीला शेवटपर्यंत ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले. अब्बांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि तिच्यावर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. अंबरनाथच्या विमकोच्या काडेपेट्या, एमआयडीसीतला माल, बदलापूर-वांगणीकडच्या विटा, जे मिळेल ते. २०११ साली त्यांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. त्यानंतर ते स्टेअरिंगला बसले नाहीत, पण गाडी विकूही दिली नाही. “बरा झालो की बघू,” एवढंच म्हणत. २०२३ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले.

अंबरनाथचं घर आधीपासून अम्मींच्या नावावर आहे. बँकेत जे होतं ते आजारपणात संपलं. म्हणजे मरहूम अब्बांचा तरका म्हणण्यासारखी एकच वस्तू उरली, ती ही गाडी. वारस तीन : अम्मी, भाईजान आणि मी. हिशेब सोपा आहे. बायकोचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक. चोवीस भाग केले तर अम्मींचे तीन, भाईजानचे चौदा, माझे सात. कागदावर दोन ओळींत संपणारा हा हिशेब आमच्याकडे दोन वर्षं झाला नव्हता, कारण गाडीचे भाग पाडता येत नाहीत आणि तिला विकायचं कसं यावर घरात एकमत नव्हतं.

भाईजान पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भंगारवाल्याला बोलवा, वजनाने द्या, मोकळे व्हा. इंजिनाचे लोखंडाच्या भावाने बारा-तेरा हजार येणार होते. मी म्हणत होते, आधी इंजिन चालू होतं का ते पाहू. यात भावनेचा भाग नव्हता असं नाही, पण मुख्य कारण निराळं होतं. २०१० च्या शेवटी अब्बांनी त्या इंजिनाचं हाफ काम करून घेतलं होतं. नवे लायनर-पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. त्यानंतर गाडी जेमतेम काही महिने धावली. नव्या अंगाचं इंजिन लोखंडाच्या भावात द्यायचं म्हणजे त्यात अम्मींचे तीन भागही लोखंडाच्या भावात जाणार.

आणखी एक गोष्ट होती. अब्बा पाकीट-डायरी ठेवायचे, उर्दूत. डिझेल, टोल, हवा, चहा सगळं त्यात. २०१० च्या डायरीत हाफ इंजिनाचा हिशेब होता : एकूण अडतीस हजार, दिले तीस हजार, आणि खाली एकच ओळ, “उस्ताद, बाकी ८,०००”. पुढच्या डायरीत ही रक्कम फेडल्याची नोंद कुठे नाही. मग लकवाच आला. कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे हे आपण सगळे ऐकून असतो. अब्बांनी लिहून ठेवलं होतं. आणि तरका वाटण्याआधी मय्यतीचं कर्ज फेडावं लागतं, हेही आपण जाणतो. तेव्हा आमच्या चोवीस भागांच्याही आधी एक भाग होता, उस्तादांचा.

उस्ताद म्हणजे ज्यांनी ते हाफ काम केलं ते. आता सत्तरी पार केलेले. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये त्यांचं गॅरेज आहे. (बाहेरगावच्या लोकांना हे कॅम्प नंबर ऐकून गंमत वाटते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले, १९४९ साली गावाला उल्हासनगर नाव मिळालं. बराकी गेल्या तरी नंबर राहिले.) माझी शाळा त्याच बाजूला. गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी त्यांच्याकडे गेले. कर्जाचं त्या दिवशी काही बोलले नाही. फक्त गाडीचं सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि पहिला प्रश्न विचारला :

“सेल्फ मारलास का कोणी?”

नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. आदल्या वर्षी शेजारचा एक ड्रायव्हर चांगल्या मनाने म्हणाला होता, बॅटरी आणतो, केबल लावतो, दोन सेल्फ मारून बघू. तो आजारी पडला म्हणून ते राहिलं. उस्ताद म्हणाले, “बेटा, चौदा वर्षांनी जे बिघडलं नसेल ते दहा सेकंदांत बिघडतं. चालू करणं हे शेवटचं काम. आधी उघडायचं, बघायचं, भिजवायचं, हाताने फिरवायचं. तुझ्या सुट्टीचे दिवस किती?”

शाळा जूनच्या मध्याला उघडणार होती. आम्ही त्यांच्या एका शागीर्दाला घेऊन दुसऱ्याच दिवशी लोकलने बदलापूर गाठलं.

घाई का करायची नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन आतली हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते. त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांचं यंत्र १८९७ मध्ये जर्मनीत नीट चाललं ते याच तत्त्वावर. आता समजा, एका सिलिंडरमध्ये हवेऐवजी वाटीभर पाणी साचलंय. हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फ मारला की बाकीचे पाच पिस्टन फिरायला लागतात, सहावा पाण्यावर आपटतो, आणि मधला दांडा वाकतो. चालकाला फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. तिथे इंजिन भंगारात.

पाणी येणार कुठून? आपल्याकडे हे विचारावं लागत नाही. इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी सहांपैकी काही सिलिंडरांचे वॉल्व्ह उघडे राहतात, आणि कोकणपट्टीची ओली हवा सायलेन्सरमधून आत-बाहेर करत राहते. त्यात बदलापूर, उल्हास नदीचा काठ. २६ जुलै २००५ ला पाणी चढायला लागल्यावर अब्बांनी गाडी स्वतः उंचावर नेली होती. २७ जुलै २०१९ ला, ज्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, त्या दिवशी गाडी हलवणारं कोणी नव्हतं. अब्बा अंबरनाथला पलंगावर होते. दिवसभर त्यांनी दोनदाच तोंड उघडलं, दोन्ही वेळा विचारलं, “शेडमध्ये पाणी किती?”

उस्तादांनी आल्या आल्या इंजिनाला हात लावला नाही. ते चाकाजवळ उकिडवे बसले आणि गाळाची रेघ शोधू लागले. पुढच्या चाकाच्या ड्रमवर वाळलेल्या मातीचा पट्टा होता, तो त्यांनी बोटाने मोजला, मग चेंबरच्या तळाशी ताडून पाहिला. (इंजिनाच्या पोटातली तेलाची परात म्हणजे चेंबर.) पुराचं पाणी चेंबरला बाहेरून लागलं होतं, पण तेल मोजायच्या गजाच्या नळीपर्यंत पोचलं नव्हतं. “अल्हम्दुलिल्लाह. बाहेरून भिजलीय. आतलं आता बघू.”

आतलं बघायची त्यांची रीत मला फार आवडली. चेंबरचा तळाचा बोल्ट त्यांनी एकदम काढला नाही. अम्मींच्या लोणच्याची रिकामी काचेची बरणी खाली धरायला लावली आणि बोल्ट केसभर सैल केला. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून पाणी असेल तर तेच आधी येणार. थेंब थेंब करत सुमारे अर्धा कप पाणी आलं, गंजाच्या रंगाचं. मग काळं तेल सुरू झालं. उस्तादांनी बरणी उन्हात धरली. दुधासारखं पांढुरकं काही नव्हतं. अर्धा कप म्हणजे चौदा पावसाळ्यांचं दव, पूर नव्हे. शागीर्दाने ते तेल बोटांत घेऊन चोळलं, वास घेतला, चमकणारा चुरा आहे का पाहिलं. एकविसाव्या वर्षी तो हे सगळं आपसूक करतो. माझ्या बी.एड.च्या पुस्तकांत ‘कृतीतून शिक्षण’ यावर मोठं प्रकरण होतं.

हवेचा फिल्टर उघडला तर आत उंदराचं घरटं. ताडपत्रीचे दोरे, गवत, आणि कुठल्या तरी शाळेच्या वहीचं चावलेलं पान. हे सगळं पहिल्या श्वासात थेट सिलिंडरमध्ये गेलं असतं. मग सहाही नोझल काढले. चौथा निघेना, भोवती रॉकेल सोडून रात्रभर ठेवला, तेव्हा सकाळी निघाला. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं, भोकांवर स्वच्छ फडकी खोचली, आणि उस्ताद म्हणाले, “चार दिवस कोणी हात लावायचा नाही.”

ते चार दिवस सर्वांत कठीण होते. भाईजानचा रोज फोन. “काय झालं? चालू झाली?” मी सांगायची, भिजत घातलीय. ते हसायचे, “हरभरे आहेत का?” पण मुद्दा तोच होता. रिंगा पिस्टनच्या खाचेत गंजाने आणि जुन्या तेलाच्या डिंकाने धरून बसलेल्या असतात. जोराने फिरवलं की रिंग तुटते आणि लायनरला ओरखडा पाडते. तेल आपल्या गतीने झिरपतं, त्याला हाक मारून उपयोग नाही.

पाचव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला, पान्यात लोखंडी नळी घातली. उस्तादांनी शागीर्दाला बाजूला केलं आणि स्वतः धरलं, कारण किती जोर लागतोय हे त्यांना स्वतःच्या हातात हवं होतं. पुढे लोटलं नाही. आधी मागे, बोटभर. मग पुढे, बोटभर. मग थांबले. पुन्हा. साधारण पंधरा मिनिटांनी तो नट एक अष्टमांश फिरला, आणि चौथ्या सिलिंडरच्या भोकातून गंजाचं लालसर तेल वर आलं. असरची अजान झाली. पुरुष मंडळी शेजारच्या मशिदीत जाऊन आली, मी शेडच्या कडेला चटई टाकून नमाज पढले. नंतर पुन्हा पाना. संध्याकाळपर्यंत इंजिनाचे पूर्ण दोन फेरे झाले. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक पिस्टनचं एक काम पुरं होतं, म्हणून दोन.

वरचं टॅपेट कव्हर काढल्यावर तिसऱ्याचा एक वॉल्व्ह खाली अडकलेला दिसला. लाकडी हातोडीने हलके हलके ठोकत आणि तेल सोडत तो सुटला. हाताने फिरवताना हेच कळतं. सेल्फने फिरवलं असतं तर पिस्टन त्या वॉल्व्हला भिडला असता. रेडिएटर, पाण्याचे पाइप, टाकी यांचं लिहिण्यासारखं काही नाही. पाइप चिरले होते, ते बदलले. डिझेलच्या टाकीत काळा चिकट गाळ होता. टाकी बाजूला ठेवून वर एक स्वच्छ कॅन टांगायचं ठरलं.

खरी काळजी पंपाची होती. आपण ज्याला डिझेल पंप म्हणतो तो प्रत्येक नोझलला ठरावीक क्षणी ठरावीक थेंब देतो. सहा एलिमेंट, आणि त्या सगळ्यांना फिरवणारी एक दातेरी पट्टी, तिला रॅक म्हणतात. पाय दाबला की रॅक एका बाजूला सरकते, डिझेल वाढतं. सोडला की परत येते. चौदा वर्षांत डिझेलचा डिंक होऊन रॅक अडकली असेल, आणि तीही जास्त डिझेलच्या बाजूला, तर? तर इंजिन चालू होताच रेस पकडतं आणि थांबतच नाही. पेट्रोलच्या गाडीसारखी चावी फिरवून डिझेल इंजिन बंद होत नाही; त्याला ठिणगीच नाही तर तोडणार काय? ते वेगाने पळत सुटतं आणि स्वतःला फोडून घेतं. उस्तादांनी आयुष्यात असं दोनदा पाहिलंय. दुसऱ्या वेळी एक पोरगा होरपळला होता. हे सांगताना ते खाली पाहत होते.

पंप आणि नोझल उल्हासनगरला डिझेल लॅबमध्ये नेले. रॅक खरंच अडकली होती, अर्ध्याच्या पुढे. लॅबवाल्या सिंधी काकांनी पंप उघडून, एलिमेंट धुऊन, मशीनवर चढवून सहा काचनळ्यांत सहांचं डिझेल सारखं येतंय हे मला दाखवलं. “टीचर, देखो, आपकी क्लास में सबको बराबर नंबर.” पाच नोझल नीट फवारत होते, चौथ्याची जीभ बदलावी लागली. इथेच सर्वांत जास्त पैसे गेले. भाईजानला फोनवर रक्कम सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ठीक आहे. आता मागे काय फिरायचं.”

तोवर आभाळ भरून आलं. गेल्या वर्षी पाऊस कधी आला ते सगळ्यांना आठवत असेल : २६ मे ला मुंबईत मान्सून जाहीर झाला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. आमच्या शेडचा पत्रा फुटका, इंजिनाचं डोकं उघडं, नोझलची भोकं उघडी. शागीर्द आणि मी रात्री नऊ वाजता ताडपत्री बांधत होतो. अम्मींनी अंबरनाथहून फोन करून सांगितलं की आता घरी ये, गाडी गेली खड्ड्यात. मी शेवटच्या लोकलच्या दोन गाड्या आधी निघाले.

उघडीप मिळताच नवं तेल भरलं. अजून नोझल बसवले नव्हते. आता पहिल्यांदा बॅटरी आली आणि पहिल्यांदा सेल्फ मारला गेला, पण चालू करण्यासाठी नव्हे. स्टॉपचा गज ओढून ठेवलेला, म्हणजे डिझेल बंद. भोकं उघडी, म्हणून आत दाब नाही. इंजिन हलकं फिरतं. भिजवण्याचं उरलेलं तेल कारंज्यासारखं उडालं, आमचे कपडे गेले. हे कशासाठी? बेअरिंगं चौदा वर्षं कोरडी होती. पहिला धमाका होण्याआधी तेल त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. दहा सेकंद सेल्फ, दोन मिनिटं विसावा. चौथ्या वेळी तेलाच्या दाबाचा काटा थरथरला आणि वर उठला. उस्ताद काट्याकडे पाहत नव्हते. ते टॅपेटपाशी वाकून तेल वर येतंय का ते बघत होते. “काटा खोटं बोलू शकतो,” ते म्हणाले.

मग नवे तांब्याचे वायसर घालून नोझल बसवले. फिल्टरचा स्क्रू सैल करून हाताच्या छोट्या पंपाने एअर काढली, फेस थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. या जुन्या गाड्यांत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी नोझल उघडत नाही.

२९ मे, गुरुवार, जोहरनंतर. उस्तादांनी प्रत्येकाला जागा नेमून दिली. शागीर्द चावीपाशी. ते स्वतः पंपाजवळ, स्टॉपच्या गजावर हात ठेवून. आणि मला त्यांनी प्लायवूडचा एक तुकडा दिला, त्यावर ओलं गोणपाट गुंडाळलेलं. “हवेच्या तोंडाशी उभी राहा. मी ओरडलो की हे त्या तोंडावर दाबायचं आणि सोडायचं नाही. कितीही आवाज झाला तरी. हवा तोडली की मरतं ते. हात मध्ये घालायचा नाही.” वीस-बावीस वर्षं मी वर्गासमोर उभी राहतेय, पण एवढ्या सावध कधी उभी राहिले नव्हते. आवारातले वीटवाले, त्यांची मुलं, सगळ्यांना त्यांनी लांब पाठवलं.

पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला पांढरा धूर. उस्ताद म्हणाले, चांगलं आहे, डिझेल पोचतंय, पेटत नाही अजून. तिसऱ्याला दोन ठोके पडले आणि थांबलं. चौथ्याला एक, दोन, मग सगळे मागून आल्यासारखे. शेड निळ्या धुराने भरली. जमीन पायाखाली हलत होती. मी फळी धरून उभी, नजर उस्तादांच्या तोंडावर. ते ओरडले नाहीत. त्यांनी मान तिरकी केली, काट्याकडे पाहिलं, तेल पाहिलं, आणि चाळिसाव्या सेकंदाला स्वतःच स्टॉप ओढला.

“का बंद केलं?” वीटवाल्यांचा मुलगा ओरडला. त्याला उत्तर द्यायला उस्तादांना वेळ नव्हता. ते गळती शोधत होते.

नंतर चार मिनिटं, मग दहा. दहा मिनिटांच्या फेरीत त्यांनी एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून आवाज ऐकला. ज्याचं डिझेल तोडलं त्याने इंजिनाचा ठोका पडला तर तो सिलिंडर काम करतोय. चौथ्याचा तोडल्यावर आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिन पाचावर चाललं होतं. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, तापू दे. तासाभराने पुन्हा तपासलं, तेव्हा चौथ्याने ठोका दिला, कमजोर पण दिला. अडकलेली रिंग गरम होऊन सुटली असावी. तरी त्यांनी ‘ठीक’ हा शब्द उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर गार पडलेलं इंजिन एका सेल्फला उठलं, तेव्हा म्हणाले.

गिऱ्हाईक त्यांनीच आणलं. बदलापुरात पाण्याचे टँकर चालवणारे एक गृहस्थ, त्यांच्याकडे अशीच १२१० आहे, इंजिन संपलेलं. ते आले आणि बोलण्याआधी ब्लॉकवर तळवा ठेवला. गरम करून दाखवताय की काय, ते पाहायला. गार होतं. एका सेल्फला उठलं. ऐंशी मागितले, पंचाहत्तर हजारांवर सौदा झाला.

आता कर्ज. भाईजान त्यासाठी पुण्याहून आले होते. आम्ही मौलाना साहेबांना विचारून ठेवलं होतं की पंधरा वर्षांपूर्वीचे आठ हजार आज किती द्यायचे? त्यांनी सांगितलं, कर्ज जेवढं लिहिलंय तेवढंच तरक्यातून जाईल. कोणाला स्वखुशीने जास्त द्यायचं असेल तर त्याने आपल्या खिशातून द्यावं. भाईजाननी उस्तादांसमोर डायरी उघडली. त्यांना उर्दू वाचता येत नाही, म्हणून ओळ मी वाचून दाखवली. ते ताबडतोब म्हणाले, “अरे, मला तर आठवतही नाही. माफ केलं.”

भाईजान म्हणाले, “चाचा, आधी हातात घ्या. मग जे करायचं ते करा.” आणि आठ हजार त्यांच्या हातावर ठेवले.

हे वाक्य मला फार बरं वाटलं, कारण आपल्या घरांतून बहिणींच्या वाट्याबाबत नेमकं याच्या उलट चालतं. वाटा हातात पडायच्या आतच तिच्याकडून ‘माफ’ म्हणवून घेतात, आणि तीही माहेरचा उंबरा तुटायला नको म्हणून म्हणते. मी कित्येक पालक-आयांच्या तोंडून हे ऐकलंय.

उस्तादांनी नोटा हातात धरून ठेवल्या. मोजल्या नाहीत. मग त्यातली एक शागीर्दाला दिली, बाकीच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, “तुझ्या बापाने लिहून ठेवलं होतं, म्हणजे घ्यायलाच पाहिजे. नाही घेतले तर तो तिकडे माझ्याशी भांडेल.” माझ्याकडून पेन मागून त्या ओळीच्या बाजूला त्यांनी मराठीत लिहिलं, ‘मिळाले’, आणि खाली सही केली.

पंचाहत्तरमधून पंप, नोझल, तेल, पाइप आणि उस्तादांची या वेळची मजुरी मिळून एकोणीस हजार गेले, आठ कर्जाचे. राहिले अठ्ठेचाळीस. एक भाग दोन हजारांचा. अम्मींना सहा, भाईजानना अठ्ठावीस, मला चौदा. तीन पाकिटं केली, आणि अम्मींनी आपलं पाकीट कुरआन शरीफच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं.

साखळीच्या पुलीने इंजिन उतरवून नेलं त्या दिवशी माझी शाळा होती, मी पाहिलं नाही. बॉडी आणि चॅसी अजून शेडमध्येच आहेत. आरसी अब्बांच्या नावावर आहे आणि इंजिनाचा नंबर त्यात लिहिलेला आहे, म्हणून कल्याणच्या आरटीओत दोन्ही बाजूंचे कागद करायचे आहेत : मृत्यूचा दाखला, तिघांची संमती, टँकरवाल्यांचा अर्ज. पुढच्या शनिवारी भाईजान येणार आहेत. वीटवाल्यांनी सांगितलंय की पावसाळ्याआधी जागा मोकळी करा.